पुसलेला हेल

"आत्या, मिरजेच्या काकी गेल्या."

प्रणितानं फोन माझ्या तोंडापुढं धरला, जणू मी वाचून खात्री करून घेणार होते. माझी शाळा दुसरीपर्यंत, आणि चष्मा देव्हाऱ्याजवळ.

"कोण काकी?"

"मालनकाकी. तुमच्या जाऊबाई."

मी गिरणीत दळण घालत होते. निम्मं सूप जोंधळा आत गेला होता, निम्मा हातात होता.

"मला जाऊ नाही," मी म्हणाले. "होती ती रणजितच्या हळदीदिवशीच मेली. त्याला म्हणावं, बातमी शिळी आहे."

सून माझी गुणाची आहे, पण तिला एक खोड आहे. आपण बोललेलं ऐकून घेते आणि जागची हलत नाही. तशीच उभी राहिली.

"वाच," मी म्हणाले.

तिनं वाचलं. कळवण्यास अत्यंत दुःख होते की माझी आई श्रीमती मालन थोरात हिचे आज सकाळी निधन झाले, पुढील निरोप नंतर देतो, आपला रणजित. आमच्या 'थोरात परिवार' या ग्रुपवर टाकलं होतं. म्हणजे पूर्वी न्हावी पाठवून घरोघर सांगायचे तसं, पण न्हाव्याला निदान पायरीवर चहा तरी मिळायचा.

"बरं," मी म्हणाले. "कडू घास करावा लागेल. तू पिठलं टाक, भाकरी मी येऊन थापते."

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भावकीनं शिजवून न्यायचं, त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. भांडण असलं तरी नेतात. भांडण माणसाशी असतं, रीतीशी नसतं.

"आणि लसूण ठेचू नको. अख्ख्या पाकळ्या तेलात लाल कर. तिला तसंच—"

"मेलेलं माणूस खातंय का आत्या?"

"ज्यांना खायचंय ते खातील. तू जा."

ती गेली. मी उरलेला जोंधळा आत घातला.

आता मालनचं आणि माझं काय झालं होतं ते सांगते, म्हणजे मी उगीच तोंडाळ बाई आहे असं कोणाला वाटायला नको.

आष्ट्यात आमची पिठाची गिरणी आणि शेजारी मिरचीचा डंक. दोघे भाऊ, दोघी जावा, एक स्वयंपाकघर. मालन आली तेव्हा तिला पदर सांभाळता येत नव्हता. भाकरी थापायला, डंकावर मिरची कुटायला, नाक बांधून चटणी चाळायला, आणि सासूच्या समोर हसू दाबायला तिला मी शिकवलं. रणजितच्या बाळंतपणात तिला ताप भरला आणि तिचं दूध आटलं. माझा बाळासाहेब तेव्हा अंगावर पीत होता. मी एकीकडं एक, दुसरीकडं एक धरला. कोणावर उपकार म्हणून नाही, दूध होतं म्हणून.

तो रणजित लग्नाचा झाला. माझे मालक जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दारात मांडव, पाटावर पोरगा बसलेला. थोरली म्हणून मी हळदीची वाटी उचलली. तर मालन माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आक्का, तुम्ही जरा मागं थांबा. व्याही मंडळी बघायला लागलीत."

तिचं कपाळ भरलेलं, माझं मोकळं. मी वाटी खाली ठेवली. कानातलं बोलणं मला येत नाही, म्हणून मी मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मालन, आजपासून तू मला मेलीस."

वाजंत्रीवाल्यानं सनई तोंडातून काढली होती. एवढी शांतता माझ्या लग्नातही झाली नव्हती.

पुढं ती पोराबरोबर मिरजेला राहायला गेली. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, वारला तेव्हा मी गेले. दीर माझा होता. त्याला पाणी पाजलं, तिच्या घरचं पाणी प्याले नाही, आणि एसटीनं परत आले. ती मागच्या दाराशी बसली होती. बायका तिचं कुंकू पुसत होत्या. मी बघितलं आणि काही बोलले नाही. मेलेल्या माणसाशी काय बोलणार.

लोक म्हणायचे, आक्काताई, सोडा की आता. मी म्हणायचे, मी टाकलेला शब्द गिरणीत घातलेल्या दाण्यासारखा असतो. पीठ होऊन बाहेर येईल, दाणा होऊन परत यायचा नाही.

घराघरात हे फोन आल्यापासून तर या गोष्टीचा मला जास्तच अभिमान. आमच्या घरची पोरं लिहितात काय, पुसतात काय. सकाळी वाढदिवसाला चुकीच्या माणसाला शुभेच्छा देतात, दुपारी पुसून टाकतात. पुसलं तरी तिथं लिहिलेलं राहतं, की इथलं काहीतरी पुसलंय. म्हणजे थुंकायचं, चाटायचं, आणि वर पाटी लावायची. मला लिहायला येत नाही, मी बटण दाबून बोलते. एकदा एका पुतणसुनेनं बारशात गार पुरी वाढली म्हणून मी ग्रुपवर तिला चांगलं सुनावलं. प्रणिता धावत आली, "आत्या, अजून वेळ आहे, पुसता येतं, हे असं दाबून धरायचं." तिनं दाखवलं, मी बघून घेतलं आणि म्हणाले, "राहू दे. तिला दोनदा ऐकू दे."

असो. तर त्या सकाळी मी माझा फोन हातात घेतला. देव्हाऱ्याजवळचा चष्मा आणला. बघते तर रणजितच्या निरोपाखाली हात जोडलेले. एकाखाली एक, नुसते हात. पुण्याचे, मुंबईचे, इस्लामपूरचे. कोणी एकानं पेटती पणती टाकली होती. एकानं फुलांचं चित्र, त्यावर आधीच छापलेलं काहीतरी. वर सरकवते, खाली सरकवते, हातच हात. एवढ्या मोठ्या भावकीत एक हुंदका नाही. आमच्या गल्लीतला म्हातारा कुत्रा मेला तेव्हा दोन बायका मोठ्यांदा हळहळल्या होत्या.

मला राग आला. रागच आला, दुसरं काही नाही. माझी ती मेलेली असेल, पण थोरातांची सून होती. थोरातांच्या घरची सून हेल काढल्याशिवाय गेली असं उद्या कोणी म्हणालं असतं, तर ते थोरलीच्या नावावर आलं असतं. आमच्याकडं मयताच्या दारात बायका नाव घेऊन, गुण आठवून, सूर लावून रडतात. तो हेल. त्यात येईल ते बोलायचं नसतं, चांगलंच बोलायचं असतं. मला तो चांगला येतो. चार गावांत त्यासाठी माझं नाव आहे.

पण प्रणिता स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकायचं काही कारण नव्हतं. जोंधळा दळून संपला होता, तरी मी मोटर बंद केली नाही. गिरणीचा आवाज तसाच राहू दिला, भिंतीकडं तोंड केलं, फोन ओठाजवळ धरला आणि बटण दाबलं.

काय म्हणाले ते इथं सांगायची गरज नाही. "रांग मोडून कशी गं गेलीस," एवढं एक सांगते. कारण ते मला आधी म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं. माझ्या गिरणीत मी कोणाला रांग मोडू देत नाही, आमदाराच्या गड्यालाही नाही. मी थोरली, आधी माझा नंबर होता.

बोट उचललं. गेलं ते ग्रुपवर. मी पदरानं तोंड पुसलं आणि मोटर बंद केली.

चहा घ्यावा म्हणून उंबऱ्यावर आले तोवर फोन पुन्हा वाजला. रणजितच. मी अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि पहिल्यांदा वाटलं, मला वाचायला येत नाही तेच खरं.

'आई सुखरूप आहे. काल पितरांचा घास ठेवताना तिच्या डोक्याला कावळा शिवला. जुन्या रीतीप्रमाणे खोटी बातमी कळवली होती. सर्वांना त्रास झाला त्याबद्दल क्षमस्व.' आणि वरचा त्याचा मयताचा निरोप जिथं होता, तिथं ती पाटी. पुसला आहे.

रीत मला माहीत होती. माहीत नसायला काय झालं. कावळा डोक्याला शिवला की मरण शिवलं म्हणतात. मग त्या माणसाच्या जवळच्याला निरोप धाडायचा, की गेलं. तो बिचारा रडत ओरडत येतो. त्याच्या डोळ्यातलं पाणी बघून मरण समजतं की आपलं काम झालं, आणि निघून जातं. मग त्या रडणाऱ्याला खरं सांगायचं, सगळ्यांनी हसायचं, गुळाचा चहा पाजायचा. आमच्या सासूबाईंच्या वेळी त्यांचा भाऊ वाळव्याहून चालत, बोंब मारत आला होता, आणि दारात बहीण बघून तिलाच मारायला धावला होता. पण ही रीत कोणी फोनवर करेल हे माझ्या डोक्यात कुठून येणार? आणि तेही पितरपाटात, नवऱ्याचा घास ठेवताना. म्हणजे नवराच बोलवायला आला, असं मालनला वाटलं असणार.

हे सगळं मी नंतर विचार करून सांगते. तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. वर माझा हेल पडला होता. जिवंत बाईसाठी, जी मला मेलेली होती, तिच्यासाठी मी काढलेला हेल, सगळ्या भावकीच्या मध्यात. त्याखालच्या दोन टिकल्या अजून निळ्या झाल्या नव्हत्या, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं नव्हतं. मी बोट दाबून धरलं. प्रणितानं दाखवलं होतं तसं. सगळ्यांसाठी म्हणून जे होतं ते दाबलं. गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पुसलं, आणि माझ्याही नावासमोर ती पाटी लागली.

थोड्या वेळात पुण्याच्या एका पुतण्यानं लिहिलं, 'थोरल्या काकूंनी काय पुसलं?' दुसऱ्यानं लिहिलं, 'काकी जिवंत आहेत कळल्यावर शिव्या परत घेतल्या वाटतं.' त्यावर हसणारी तोंडं आली. सकाळी हात जोडणारी तीच.

मला बरं वाटलं. शिव्या म्हणाले ना, म्हणजे अब्रू वाचली.

आत प्रणिता पिठल्याखालचा गॅस बारीक करत होती. तिनंही वाचलं होतं.

"आता हे पिठलं कोण खाणार?" ती म्हणाली.

"आपण. तुझ्या नवऱ्याला डब्यात दे."

"कडू घास आहे, आत्या. स्वतःच्या घरात खातात होय?"

तेवढ्यात फोन आला. रणजितचा. तिनं उचलला आणि तो मोठ्यांदा ऐकू येईल असं काहीतरी दाबून कट्ट्यावर ठेवला. ही पण तिची एक खोड.

"थोरली आई," तो म्हणाला. सात-आठ वर्षांनी तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला. "रागावू नका. माझी चूक झाली."

"तू काय चुकलास? जिवंत आईला मारलंस, एवढंच."

"थोरली आई, ऐका ना. आईची हृदयाची झडप बदलायची आहे. उद्या सकाळी दवाखान्यात भरती व्हायचंय, डॉक्टर मोठ्या मुश्किलीनं मिळालेत. आणि कालपासून ती उठत नाही. म्हणते, कावळा शिवलाय, मी टेबलावरून परत यायची नाही. मग तिनंच ही रीत सांगितली. मी केलं. आता म्हणते, कोण रडलं? मी ग्रुप दाखवला. ती म्हणते, हे हात आहेत, मला डोळे दाखव."

मी पिठल्यावर झाकण ठेवलं.

"डॉक्टर म्हणाले, हा महिना लांबवला तर आम्ही सांगू शकत नाही. ती म्हणते, मरायचंच आहे तर घरात मरते, चिरफाड कशाला." तो थांबला. "थोरली आई, तुम्ही काहीतरी पाठवलं होतं आणि पुसलंत. मी दुसरा निरोप लिहीत होतो, ऐकायच्या आत गेलं. काय होतं त्यात?"

प्रणिता झारा हातात धरून माझ्याकडं बघत होती. त्या नजरेसमोर मी दुसरं काय सांगणार?

"शिव्या होत्या," मी म्हणाले.

मग तो म्हणाला, "बरं. राहू द्या," आणि ठेवला.

मी भाकरी थापायला बसले. पीठ घेतलं, पाणी घातलं. पहिली भाकरी काठाला फाटली. दुसरीही फाटली. माझ्या हातची भाकरी फाटलेली त्या घरात कोणी बघितलेली नव्हती.

"पीठ बरोबर नाही," मी म्हणाले.

"आपल्याच गिरणीचं आहे," प्रणिता म्हणाली.

"डबा भर. आणि साडी बदल."

"कुठं जायचंय?"

"मिरजेला. त्या पोरानं सगळ्या भावकीचा तमाशा केलाय, त्याला बोलायला नको? फोनवर मला रागावल्यासारखं वाटत नाही."

एसटीत तिकिटं तिनं काढली. मी खिडकीशी, डबा मांडीवर. सांगलीचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, "आत्या, सकाळी गिरणी रिकामी फिरत होती."

"कधी?"

"दळण संपल्यावर. आवाज बदलतो ना. तुम्हीच शिकवलंय, रिकामी फिरली की दगड एकमेकाला खातात."

"लक्ष नव्हतं."

"तुमचं," ती म्हणाली, आणि तिकिटं घड्या घालून पर्समध्ये ठेवली.

मालन पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. संध्याकाळचं ऊन जाळीतून तिच्या अंगावर. केवढीशी झाली होती. मी तिला डंकावर मुसळाच्या तालावर गाणं म्हणताना बघितलेलं, ती ही नव्हे, असं वाटावं एवढी. कपाळ मोकळं. माझ्यासारखंच.

रणजित उठून माझ्या पाया पडायला लागला. "बाजूला हो," मी म्हणाले. "तुझ्याशी मागून बोलते."

मालननं माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं.

"हे काय आणलंत?"

"कडू घास."

"कोणाचा?"

"तुझाच. सकाळी रांधलं होतं. वाया कशाला घालवायचं."

रणजितचं तोंड उतरलं. प्रणितानं त्याला बाहेर काहीतरी विचारायचंय म्हणून नेलं. मालनच्या ओठाचा एक कोपरा हलला. सासूच्या समोर ती असंच हसू दाबायची. मीच शिकवलेलं.

"बसा की," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसले. पाणी ठेवलेलं होतं, मी हात लावला नाही.

"उद्या जाणार नाहीस म्हणं."

"कशाला जाऊ? हे काल घासाला आले आणि भात सोडून माझ्या डोक्याला शिवले. एवढी वर्षं संसार केला, एका हाकेत समजायला नको?"

"तो जिवंत असताना तुला एका हाकेत कधी समजलं होतं? तीन हाका मारायचा."

"आक्का."

"बरं, राहिलं."

ती पांघरुणाचा काठ बोटानं ओढत बसली. मग म्हणाली, "शिव्या होत्या म्हणं."

"होत्या."

"काय काय दिल्यात?"

"लक्षात नाही."

"तुमच्या? लक्षात नाही?"

मी बाहेर बघितलं. समोरच्या छपरावर कावळा बसला होता, मेल्याला दुसरं घर नव्हतं.

"आक्का," मालन म्हणाली, "मी तुमच्याबरोबर पंचवीस वर्षं एका चुलीवर राहिले. तुम्ही सासूला शिवी दिलीत, मागं घेतली नाही. तलाठ्याला दिलीत, मागं घेतली नाही. मला तर भर मांडवात दिलीत. तुम्ही शिवी पुसली, यावर मी विश्वास ठेवू?" तिला दम लागला, ती थांबली. "तुम्ही शिवी मागं घेत नाही. पुसलंत, म्हणजे ती शिवी नव्हती."

मी तिच्याकडं बघितलं नाही.

"डोळे का सुजलेत?"

"डंकावर होते. मिरची उडाली."

"भादव्यात?"

भादव्यात मिरची कोणी कुटत नाही. वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते, पुढं डंकाला नुसतं फडकं घालून ठेवतात. हे तिला कोणी सांगितलं असेल, तर मीच सांगितलं असेल.

"रणज्याला मी म्हणाले होते," ती हळू आवाजात बोलायला लागली, "की कोणाला कळवू नको. फक्त आष्ट्याला आक्कांना कळव. त्याला तुमची भीती वाटली. म्हणाला, ग्रुपवर टाकतो, त्यात थोरली आई पण आहेत. बाकीच्यांचं मला काय करायचं होतं? माझ्या मरणावर खरं पाणी काढेल असं एकच माणूस मला सुचलं. आणि त्याच माणसाला मी त्या दिवशी मागं थांबा म्हणाले. मला तेव्हा—"

"थांब," मी म्हणाले.

"बोलू द्या की. एवढी वर्षं—"

"मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये. सासूबाईंनी सांगितलंय."

तिला कळलं नाही. मी खुर्ची पुढं ओढली.

"हे बघ. मी एकदा म्हणाले, तू मला मेलीस. ते मी मागं घ्यायला आलेली नाही. मागं घ्यायची मला सवय नाही. पण मेलेल्या माणसाचं जे करायचं असतं ते तेव्हा राहून गेलं होतं. बातमी नव्हती, हेल नव्हता, कडू घास नव्हता. नुसतंच मेलेली ठेवली होती तुला, एवढी वर्षं. आज सगळं झालं. ज्या बाईनं मला मागं थांब म्हटलं, ती गेली. तिचं रडून झालंय. समजलं?"

"आणि मी?"

"तू कोण ते मला काय माहीत? तुझं माझं अजून काही भांडण झालेलं नाही."

तिनं तोंडावर पदर घेतला. हसत होती की काय ते मला दिसलं नाही, खांदे हलत होते.

"म्हणजे रडलात," ती पदरातून म्हणाली.

"रीत केली. उद्या सकाळी वेळेवर उठ. आणि तो कावळा परत आला तर त्याला सांग, आमच्याकडं रांग असते. आधी माझा नंबर."

मी तांब्या उचलला आणि पाणी प्याले. तिनं पदर खाली केला, मी पाणी पिताना शेवटपर्यंत बघत राहिली, आणि मग हात पुढं केला.

"डबा उघडा. डॉक्टरनं आज रात्रीपर्यंत खा म्हणून सांगितलंय."

"कडू घास आहे. जिवंत माणसानं—"

"लसूण अख्खा आहे का?"

स्वतःचा कडू घास स्वतः खाल्लेली बाई मी आयुष्यात ती एकच बघितली. फाटलेल्या भाकरीचा तुकडा उचलून तिनं उन्हात धरला, काठ बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता पिठल्यात बुडवला. तेवढं शहाणपण तिला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायानं रिक्षात बसली. मी बरोबर होते. पोरं मागच्या रिक्षात.

तिला नवी झडप बसून आता बरीच वर्षं झाली. गुण डॉक्टरांचा, असं रणजित सांगतो. ग्रुपवर अजून सगळ्यांना वाटतं की थोरल्या काकूंनी शिव्या पुसल्या होत्या, आणि मी कोणाला दुरुस्त करत नाही. उन्हाळ्यात ती आष्ट्याला येते, नाक बांधून डंकाशेजारी बसते आणि मी चटणीत मीठ जास्त घालते असं माझ्याच दारात बायकांना सांगते. मेलेली बरी होती असं मला कधी कधी वाटतं, आणि मी ते तिला सांगते पण.

भादव्यात तर दरवर्षी एक फोन ठरलेला. रणजितनं बापासाठी ठेवलेल्या घासाला कावळा शिवला की नाही ते सांगते, आणि मग हळूच मूळ गोष्टीवर येते.

"आक्का, त्या दिवशी काय म्हणाला होतात ते एकदा म्हणा की. मी सोडून कोणी ऐकणार नाही."

"पुसलंय ते."

"फोनमधलं पुसलंय. तुमच्यातलं?"

"तू मेल्यावर म्हणीन. दारात बसून, सगळं."

"मी मेल्यावर मला ऐकू कसं येणार?"

"म्हणून तर."

तिकडं कुकरची शिट्टी ऐकू येते. मग म्हणते, "मग मला काही घाई नाही," आणि फोन ठेवते.